एकट्या ज्येष्ठांसाठी गल्ली आणि पोलीस ठाणं जोडायचं कसं: सोलापुरात हे काम नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

पोरं पुण्याला आणि आई-वडील सोलापुरात, हे आता घरोघरचं झालंय. जुळे सोलापूर घ्या, दमाणी नगर घ्या, होटगी रोडच्या सोसायट्या घ्या. संध्याकाळी एक चक्कर मारलीत तरी अशी जोडपी आणि एकट्या आज्या दिसतात. पूर्व भागात घरं माणसांनी भरलेली असतात, पण सकाळचा भोंगा झाला की सगळे कामावर आणि दुपारभर घरात म्हातारी एकटी. भामटा हेच हेरतो. अंगात ताकद किती आहे यापेक्षा या माणसाची पुढचे चार तास कुणी विचारपूस करणार आहे का, हे तो आधी बघतो. आपलं सगळं काम त्या चार तासांवर आहे.

हे लिहिलंय ते अशांसाठी, ज्यांना आपल्या गल्लीत किंवा अपार्टमेंटमध्ये काहीतरी करायचंय, पण पासपोर्टच्या पडताळणीपलीकडे पोलीस ठाण्याशी कधी संबंध आलेला नाही.

सुरुवात लहान करा, आणि हद्द आधी विचारा

उत्साहाच्या भरात अख्खा प्रभाग घेऊ नका. एक गल्ली किंवा एक अपार्टमेंट पुरे. दोघंतिघं सोबत घ्या, त्यात किमान एक बाई हवीच, कारण एकट्या आजीच्या घरात दोन अनोळखी बाप्ये शिरले तर ज्याच्यापासून वाचवायचं तेच आपण करतोय असं होईल.

मग हद्द. सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि त्याखाली फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, एमआयडीसी आणि सलगर वस्ती अशी ठाणी. शहराबाहेरचा भाग सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि दुसरी भलत्याच ठाण्यात, असंही असतं. त्यामुळे अंदाजानं चालू नका, जवळच्या चौकीत जाऊन "आमची गल्ली कुणाच्या हद्दीत येते, आणि बीट अंमलदार कोण?" एवढे दोन प्रश्न विचारा. ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला नेमलेला हवालदार किंवा अंमलदार असतो. तुमचं काम साहेबांपेक्षा याच माणसाशी जास्त पडणार आहे.

यादी: सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट

गल्लीत कोण ज्येष्ठ आहेत, कोण एकटे राहतात, कुणाला ऐकू कमी येतं, कोण जिना उतरू शकत नाही, हे लिहून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच दारात "कशाला ओ नाव लिहिता? रेशनचं हाय का?" असा प्रश्न येतो. दुसऱ्या दारात "पोलीस कशाला आमच्या घरी? लोक काय म्हणतील?" हा दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. जुन्या पेठांतल्या घरांत पोलीस दारात येणं म्हणजे घरावर काहीतरी बालंट, अशीच समजूत आहे. ती एका भेटीत जात नाही, म्हणून पहिल्या भेटीत वही बाहेर काढूच नका. चहा घ्या, गुडघेदुखी ऐका, पोरगं काय करतं विचारा. वही दुसऱ्या खेपेला.

भाषेचं भान ठेवा. अशोक चौकाच्या पलीकडे तेलुगू घरांत, अक्कलकोट रोडच्या बाजूला कन्नड घरांत, आणि जिथं दख्खनी बोलतात तिथं, त्या-त्या घराला कळणारा माणूस सोबत असला की निम्मं काम दारातच होतं. अव्वाशी, म्हणजे तिथल्या आजीशी, तेलुगूत बोलणारी शेजारीण ही तुमच्या कुठल्याही छापील पत्रकापेक्षा भारी.

लिहायचं काय? नाव, वय, घराची खूण, फोन, मुलाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा फोन, डॉक्टर कोण, मोठं आजारपण कुठलं, घरकामाला किंवा भाडेकरू म्हणून कोण येतं-राहतं, आणि रोज विचारपूस करणारा शेजारी कोण. बस्स.

काय लिहायचं नाही ते त्याहून महत्त्वाचं. बँक कुठली, पेन्शन किती, सोनं कुठं ठेवलंय, लॉकर आहे का, आधार क्रमांक, हे काहीही विचारायचं नाही आणि कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवायचं. "एकटी राहते, कानानं अधू, मुलगा परदेशात" अशा वीस नावांची यादी ज्या चोराच्या हाती पडेल त्याचं वर्षभराचं काम झालं. म्हणून ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही, सोसायटीच्या फलकावर लावायची नाही. एक प्रत ठाण्यात, एक तुमच्यापैकी एकाच्या कपाटात. ज्यानं नाव द्यायला नकार दिला त्याच्यावर जबरदस्ती नको. सहा महिन्यांनी शेजारच्या घरी पोलीस येऊन नुसते चहा पिऊन जातात हे बघून तो स्वतःच हाक मारतो.

ठाण्यात जाणं

दोन प्रतींत साधा अर्ज लिहा, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे. आमच्या गल्लीत इतके ज्येष्ठ नागरिक, त्यातले इतके एकटे, त्यांची नोंद घ्यावी, बीट अंमलदारांनी भेट द्यावी, आणि आम्ही अमुक अमुक स्वयंसेवक मदतीला आहोत. एका प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमचं भांडवल. पुढच्या वेळी "मागं तुम्ही दिलेल्या अर्जाचं" असं बोलणं सुरू करता येतं.

हे काही उपकार मागणं नव्हे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासाठी 2007 साली केंद्रानं कायदा केला आणि महाराष्ट्रानं त्याचे नियम 2010 मध्ये काढले. साठ वर्षं पूर्ण झालेला भारतीय नागरिक या कायद्यानं ज्येष्ठ. ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी. पोलिसांचा प्रतिनिधी शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांच्याकडे जावा. मदतीचा निरोप आला तर लवकरात लवकर पोचावं. ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंदवही असावी. स्वयंसेवकांची समिती असावी, अशी ही रचना आहे. म्हणजे तुमची जागा या व्यवस्थेत आधीच आखून ठेवलेली आहे, फक्त रिकामी आहे.

आता व्यवहाराचं बोलू. नियमात महिन्यातून एकदा लिहिलंय म्हणून दर महिन्याला गाडी येईल असं धरून बसू नका. सोलापूरचा पोलीस वर्षभर बंदोबस्तात असतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मग शिवजयंती, भीमजयंती, पुढं गणपती आणि नवरात्र; या शहराला मिरवणुकांची हौस मोठी. ग्रामीणचं मनुष्यबळ आषाढी-कार्तिकीला पंढरपुराकडे लागतं. अशा आठवड्यात अर्ज घेऊन गेलात तर ठाणे अंमलदार "नंतर या" म्हणणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. सणांचा गाळा सोडून, सकाळची हजेरी आटोपल्यावर जा. पहिल्या भेटीत तक्रारींचा पाढा नको.

अंमलदाराला एक सोय करून द्या: भेटीचा दिवस आणि क्रम तुम्ही ठरवा. "साहेब, या महिन्यात फक्त सहा घरं, आम्ही सोबत, पाऊण तासात मोकळे." माणूस येतो. पुढच्या महिन्यात दुसरी सहा. सगळ्यांच्या घरी दर महिन्याला जाण्याचा हट्ट धरलात तर तिसऱ्या महिन्यात कुणाच्याच घरी कुणी जात नाही, हे मी बघितलेलं आहे. या भेटीचा फायदा दुहेरी असतो. आजीला खरा पोलीस कसा दिसतो, कसा बोलतो, ओळखपत्र कुठं असतं हे कळतं, आणि गल्लीवर नजर ठेवून असणाऱ्यालाही कळतं की या घरी खाकी येते-जाते.

रोजची विचारपूस

पोलीस महिन्यातून एकदा; बाकीचे दिवस आपले. प्रत्येक एकट्या ज्येष्ठामागं दोन शेजारी नेमा. एक नको, कारण एक लग्नाला गावी गेला की साखळी तुटते.

वेगळा कार्यक्रम आखायची गरज नाही. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की अख्खी गल्ली जागी असते. त्या वेळी कुणाच्या दारात बादली दिसली नाही, मोटर लागली नाही, तर कडी वाजवायची. दूधवाला, पेपरवाला, भाजीवाली मावशी यांना सांगून ठेवा: पिशवी तशीच लोंबकळत असेल तर शेजारी हाक मारा. विडीच्या कारखान्यावर रोज माल द्यायला जाणाऱ्या बायकांत ही विचारपूस आधीपासून असते. एक जण आली नाही की दुसरी वाटेत तिच्या दारात डोकावते. ते उचला आणि गल्लीभर पसरवा.

आपल्याकडची धोक्याची वेळ बहुतेकांना रात्र वाटते. माझं मत वेगळं आहे. एप्रिल-मेची सोलापुरी दुपार, बारा ते चार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, दारं हवेसाठी उघडी आणि माणसं पंख्याखाली आडवी. सेल्समन, मीटर तपासनीस, "भांडी पॉलिश" म्हणून येणारे हीच वेळ धरतात. दुपारी एकदा एक फोन किंवा खिडकीतून एक हाक, एवढं जमवाच. आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाणाऱ्यांनी खालचं दार नुसतं ओढून घेऊ नये, कुलूप लावावं, किल्ली उशाशी.

दारावरचे आणि रस्त्यावरचे प्रकार, तालीम करून शिकवा

"सावध राहा" म्हणून कुणी सावध होत नाही. कट्ट्यावर, नाहीतर भजनाच्या आधी पंधरा मिनिटं, नाटक करून दाखवा. एकानं भामटा व्हायचं. हसत हसत जे डोक्यात बसतं ते पत्रकानं बसत नाही.

पहिला प्रवेश तोतया पोलिसाचा. मोटारसायकलवर दोघं, केस बारीक कापलेले, "काका, पुढं चोरी झालीय, तपासणी चालूय, अंगठी-चेन काढा, रुमालात बांधून देतो." तिसरा एक साधा माणूस येतो आणि आज्ञाधारकपणे आपली चेन काढून देतो, तो त्यांचाच. रुमाल घरी जाऊन उघडला की आत खडे. शिकवायचं वाक्य एकच: खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. "ठाण्यात चला, तिथं काढतो" असं म्हणायचं आणि जवळच्या दुकानात शिरायचं. रस्त्यावर उभं राहून वाद घालायचा नाही.

दुसरा प्रवेश दानशूर शेठचा. "शेठला मुलगा झालाय, म्हाताऱ्या बायकांना साडी आणि पैसे वाटतायत. पण अंगावर सोनं दिसलं तर तुम्हाला देणार नाहीत, काढून पिशवीत ठेवा." पिशवी बदलते. देवळाच्या आसपास, बाजाराच्या दिवशी हा प्रकार चालतो, आणि फसणाऱ्या बायका मुळात गरीब असतात, तेच जास्त जिव्हारी लागतं.

तिसरा, एसटी स्टँडचा. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या गाड्यांना गर्दी. दारात रेटारेटी होते, पाठीमागची बाई पदर सावरायचा बहाणा करते, आणि गाडी सुटल्यावर मंगळसूत्र नाही. इथं सल्ला साधा आहे: गर्दीची गाडी सोडा, पुढची घ्या, पाटल्या-बांगड्या प्रवासात घालूच नका. "देवाला जाताना अंगावर सोनं हवं" हा आग्रह मोडायला सून नव्हे, देवळातले पुजारी किंवा महिला मंडळातली कुणी मोठी बाई लागते.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी, मग तो सिद्धेश्वर तलाव असो की संभाजी तलाव, रहदारीच्या उलट दिशेनं चालावं, म्हणजे गाडी पाठीमागून येत नाही. दोघींनी मिळून जावं. चेन ओढली तर धरून ठेवू नका. मानेला होणारी इजा, पडून मोडणारं खुब्याचं हाड, हे चेनपेक्षा महाग पडतं. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे जरी लक्षात राहिले तरी पोलिसांना पुष्कळ होतं.

फोनवरचे प्रकार

इथं जरा जास्त वेळ द्या, कारण अंगणात पाय न ठेवता आयुष्यभराची पुंजी नेणारे हे लोक आहेत, आणि यात शिकलेली, निवृत्त, पेन्शनवाली माणसं जास्त सापडतात.

सगळ्यात वाईट म्हणजे ते तथाकथित डिजिटल अरेस्ट. "तुमच्या आधारवर सिम घेऊन गुन्हा झालाय, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, सीबीआयमधून बोलतोय." मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. "कॉल कट करायचा नाही, मुलाला सांगायचं नाही, पैसे तपासणीसाठी या खात्यात भरा, नंतर परत मिळतील." भारतातल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. खरी अटक समोर येऊन होते आणि नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक असतं. म्हणून "कुणाला सांगू नका" हे शब्द आले की तिथंच फोन ठेवायचा.

बाकीचे तुम्हाला माहीत असतीलच: "आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा" असा महावितरणच्या नावाचा मेसेज, नोव्हेंबर जवळ आला की पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याच्या नावानं फोन, केवायसी, आणि व्हॉट्सअॅपवर येणारी लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती, जिच्या नावाच्या शेवटी एपीके असं लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ते अॅप असतं; उघडून परवानगी दिली की मोबाईलचे मेसेज, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याच्या हातात. खऱ्या पत्रिकेचा फोटो येतो किंवा पीडीएफ येते. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हेही दहादा सांगावं लागतं. न कंटाळता सांगा.

घराघरांत एक गोष्ट करायला सांगून या: ज्येष्ठाच्या रोजच्या खात्यात घरखर्चापुरती रक्कम, बाकी ठेवीत, आणि यूपीआयची मर्यादा कमी. हे त्यांच्या मुलानं किंवा बँकेतल्या माणसानं करावं. स्वयंसेवकानं कुणाच्याही मोबाईलवर बँकेचं अॅप उघडायचं नाही. अगदी "तूच कर की रे बाळा" म्हणून हातात दिला तरी नाही.

घडलंच तर: पहिला तास

फसलेला ज्येष्ठ बहुतेक वेळा गप्प बसतो. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण पोरं म्हणतील "आता तुम्हाला व्यवहार झेपत नाही," हातातलं पासबुक काढून घेतील, ही भीती मोठी असते. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा: पहिला फोन मुलाला करावासा वाटत नसेल तर आम्हाला करा, आम्ही रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. "असं कसं दिलं ओटीपी?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही.

ऑनलाइन पैसे गेले तर 1930. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक एवढं हाताशी ठेवून फोन करा. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असा पळवतो आणि शेवटी कुठल्यातरी परराज्यातल्या एटीएममधून काढतो. तो काढायच्या आत साखळीतलं खातं गोठवता आलं तरच काही वाचतं. म्हणून "उद्या सकाळी बघू" म्हणणं म्हणजे पैसे सोडून देणं. फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा, आणि मग शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. मेसेज, कॉल, चॅट काहीही पुसू नका.

त्याच वेळी बँकेत लेखी तक्रार करून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर खातेदारावर भार येत नाही. स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते नुकसान खातेदाराचं. पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. कळवल्याची वेळ म्हणूनच लेखी हवी.

दारात कुणी शिरलं, चोरी, मारहाण झाली तर 112. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, ही अगदी साधी अडचण असते. प्रत्येक ज्येष्ठाच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत एक कार्ड चिकटवा: घर नंबर, पेठ, जवळची खूण, पोलीस ठाणं, दोन शेजाऱ्यांचे नंबर, 112, 1930. खूण लिहिताना "मारुतीच्या देवळामागे" पुरत नाही. सोलापुरात मारुतीची देवळं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. पोलीस येईपर्यंत कपाट, कडी-कोयंडा कशालाही हात लावू देऊ नका. घर आवरून ठेवायची आपल्या बायकांना सवय, त्यात बोटांचे ठसे जातात. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला फुटेज राखून ठेवायला सांगा; जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. कॅमेऱ्याच्या घड्याळातली वेळ बरोबर आहे का हेही बघा. ती चुकलेली असली तर फरक किती आहे ते पोलिसांना सांगा.

फिर्याद देताना उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. हद्द आमची नाही म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंद होऊन ती योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंदच घेतली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली बाब अशी की साक्षीसाठी साठ वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कुठल्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेबाहेर हजर राहायची सक्ती करता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं (कलम 179). हे दरडावून सांगायची गरज पडत नाही. "आजींना जिना उतरवत नाही, आपण घरी याल का?" म्हटलं की येतात.

घरकाम करणारी, भाडेकरू, किल्ल्या

भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं हे घरमालकाचं काम आहे, ते ज्येष्ठांना स्वयंसेवकानं भरून द्यावं. कामवाल्या मावशींची माहितीही द्या, पण त्यांच्या देखत, त्यांना विचारून. वीस वर्षं भांडी घासणाऱ्या बाईकडे एका सकाळी संशयानं बघायला लागलो तर गल्लीतला सगळ्यात चांगला जागता डोळा आपणच मिटवतो. आजींनी औषध घेतलं नाही हे लेकाच्या आधी तिला कळतं. किल्ली पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीत ठेवायची नाही. नेमलेल्या शेजाऱ्याकडे ठेवा.

त्रास घरातूनच असेल तर

हा भाग कुणाला बोलायचा नसतो. घर नावावर करून दे म्हणून मुलगा मारतो, सून जेवायला देत नाही, पेन्शनचं कार्ड नातवाकडे. शेजाऱ्यांना माहीत असतं आणि "घरचा मामला" म्हणून सगळे खिडक्या लावून घेतात. मारहाण चालू असेल तर ते घरचं राहत नाही, 112 लावा. एरवी घाई करू नका. आधी त्या माणसाला एकटं गाठून, घराबाहेर, देवळात किंवा दवाखान्यात, काय हवंय ते विचारा. पुष्कळदा उत्तर येतं, "पोराला पोलिसात देऊ नका, फक्त मला दोन वेळचं नीट मिळू दे."

त्यासाठी 2007 च्याच कायद्यात वेगळी वाट आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे, निर्वाह न्यायाधिकरण असतं. साध्या अर्जावर काम चालतं, ज्येष्ठानं सांगितलं तर संस्था किंवा दुसरी व्यक्तीही त्याच्या वतीनं अर्ज करू शकते. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. मूलबाळ नसलेल्यांना त्यांची मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडून मागता येतं. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कुठंतरी सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर नावावर करून द्यायच्या विचारात असलेल्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगा. बक्षीसपत्रात "मला शेवटपर्यंत सांभाळायचं, गरजा भागवायच्या" ही अट लिहून घ्या. अट मोडली तर कलम 23 खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अटच नसेल तर वाट फार अवघड होते. सही करायच्या आधी हे कुणीतरी बोलायला हवं, नंतर नाही. सल्ला आणि आधारासाठी 14567 हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

स्वयंसेवकांसाठी दोन-चार कडक नियम

आधी स्वतःची माहिती आणि ओळखपत्राची प्रत ठाण्यात द्या. ज्येष्ठांची पडताळणी करणारे आपण, आपली पडताळणी कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. कुणाच्या घरी एकट्यानं जायचं नाही. पैसे, दागिने, एटीएम कार्ड सांभाळायला घ्यायचं नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं नाही. राजकीय पक्षाच्या फलकाखाली हे काम करायचं नाही, निवडणुकीच्या वर्षात तर मुळीच नाही, कारण मग अर्धी गल्ली दार उघडत नाही.

गावात राहत असाल तर बीट अंमलदाराच्या आधी पोलीस पाटलांना गाठा. त्यांना घरन् घर माहीत असतं आणि ठाण्यातही त्यांच्या शब्दाला वजन असतं. वस्तीवर, शेतातल्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दुपारच्या हाकेपेक्षा संध्याकाळचा फोन महत्त्वाचा, कारण तिथं हाक ऐकायला शेजारीच नसतो.

यादी दर तीन महिन्यांनी तपासा. कुणी वारलेलं असतं, कुणी मुलाकडे हडपसरला गेलेलं असतं आणि घर बंद असतं. बंद घराची खबर ठाण्याला वेगळी द्या, रात्रीच्या गस्तीत तिकडं एक फेरी होते. मे-जूनच्या सुमारास बदल्या होतात. तुमचा अंमलदार बदलला की जुन्यानं नव्याला सांगितलं असेल असं धरू नका. पोच घेतलेली ती प्रत घेऊन जा, नव्या माणसाला चहा पाजा, आणि पहिल्या आठवड्यातच त्याला घेऊन सहा घरं फिरा.